नळीची निगा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण. काही भगिनींच्या आग्रहावरून येथे छापले आहे.)



वर्धापनदिनी मंडळातल्याच कोणीतरी दोन शब्द बोलावेत असा आपल्याकडे परिपाठ आहे. यंदा ती पाळी माझ्यावर आली. विषय कोणता घेणार, असे चिटणीसबाईंनी विचारले, तेव्हा मी सांगून टाकले, ‘लघवीच्या नळीची निगा.’ त्या क्षणभर गप्प झाल्या. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, ‘अहो, हे कार्यक्रमपत्रिकेवर छापायचे कसे?’ शेवटी पत्रिकेवर ‘रुग्णसेवा’ असे छापून आले आहे. त्यांना मी दोष देत नाही. तीस-बत्तीस वर्षे परिचारिकेचे काम करूनही घरच्या माणसांत हा शब्द उच्चारताना मीसुद्धा अडखळते. परंतु या सभागृहात बसलेल्या भगिनींपैकी निदान पाच-सहा जणींच्या घरी अशी नळी असलेले माणूस आहे किंवा होते, हे मला ठाऊक आहे. त्यांनी खाली मान घालू नये. मी कोणाचे नाव घेणार नाही.

आपल्या भागात ही नळी कोणाला लागते ते आधी सांगते. म्हातारपणी पुरुषांची लघवी अडते, तेव्हा काही काळ लागते, ते आपण सर्वांनी पाहिलेले असते. पण मी आज मुख्यतः बोलणार आहे ते धडधाकट वयात पांगळे झालेल्या माणसांविषयी. चैत्र-वैशाखात हापूस उतरवताना फांदी मोडते आणि माणूस पाठीवर आपटतो. माडावरून पडतो. चिऱ्याच्या खाणीत अंगावर दगड येतो. घाटात मोटारसायकल घसरते. दापोलीच्या कृषि विद्यापीठाने जमिनीवर उभे राहून आंबा काढता यावा म्हणून ‘नूतन झेला’ काढला, तो पुष्कळ बागांत पोहोचलाही. तरी उंच जुन्या कलमांवर माणूस चढतोच, आणि दरसाल कोणी ना कोणी पडतो. कण्यातील मज्जारज्जू दुखावला की पाय जातात, हे सर्वांना दिसते. त्याबरोबर लघवीची जाणीव आणि ताबाही जातो, हे दिसत नाही, म्हणून कोणी बोलत नाही. मूत्राशय भरले हे मेंदूला कळत नाही, आणि मोकळे कर हा निरोप खाली पोहोचत नाही. लघवी तशीच तुंबत राहिली तर उलटी मूत्रपिंडाकडे जाते आणि माणूस हळूहळू मूत्रपिंडाने मरतो. यासाठी नळी.

आता माझी स्वतःची चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचे सांगण्यात अर्थ नाही.

काही वर्षांपूर्वी पावसच्या बाजूचा एक मुलगा आंब्यावरून पडला. वय चोवीस. छातीच्या वरच्या भागात कणा मोडला. हात उत्तम, पण छातीच्या मध्यापासून खाली काही नाही. बरेच महिने मोठ्या शहरातल्या इस्पितळात काढून तो घरी आला. आईवडील थकलेले, एक भाऊ मुंबईला. भावाने पैसे पाठवून गावातलीच एक बाई त्याच्या मदतीला ठेवली. बाई कष्टाळू, मनाची चांगली, शाळा चौथीपर्यंत झालेली. मी ओळखीने आठवड्यातून एकदा त्याच्याकडे जात असे. पहिल्याच दिवशी मी त्या बाईंना बजावले, ‘हे पहा, त्याला कुशीवर वळवा, अंघोळ घाला, भरवा, सगळे करा. पण नळीला मात्र हात लावायचा नाही. ते नर्सचे काम आहे.’ माझ्या दृष्टीने मी मोठी खबरदारी घेतली होती. आम्हां परिचारिकांना शिकवतानाच ही भीती आमच्यात भरवलेली असते, आणि तिच्यात थोडा तोराही असतो, तो नाकबूल करून चालायचे नाही.

श्रावणातली दुपार होती. त्याच्या आईचा मोबाइलवर फोन आला की पोराचे डोके फुटायला आले आहे, डोकेदुखीची गोळी दिली, बाम चोळला, खिडकी लावून उशीशिवाय सपाट निजवले, तरी थांबत नाही. पाऊस असा कोसळत होता की रिक्षा मिळेना. मी पोहोचले तेव्हा चार वाजले होते. तोंड लालबुंद, कपाळावरून घामाच्या धारा, आणि पाय मात्र थंडगार, पांढरे. त्याचा रक्तदाब एरवी शंभराच्या आतबाहेर असायचा. तो त्या वेळी २१० भरला. मी चादर दूर केली. नळी मांडीखाली दुमडून चेपली गेली होती. पिशवी कोरडी. आधी त्याला उठवून बसते केले, कमरेची नाडी सैल केली, मग नळी सरळ केली. पिशवीत धार लागली ती थांबेना. लिटरभराच्या वर लघवी निघाली. दहा मिनिटांत त्याचे डोके उतरले. रात्रभर देखरेखीखाली राहावे म्हणून इस्पितळात नेले, तेथे डॉक्टर म्हणाले, आणखी तासाभरात मेंदूत रक्तस्राव झाला असता तर नवल नव्हते.

ती मदतनीस बाई दाराशी उभी होती. मी जरा चिडूनच विचारले, ‘पिशवी रिकामी आहे हे दिसले नाही का तुम्हांला?’ ती म्हणाली, ‘दिसत होती ना सिस्टर. सकाळी दहापासनं रिकामी होती. पण तुमीच सांगितलेलंत, नळीला हात लावायचा नाय म्हणून.’

मला उत्तर सुचले नाही. ती बाई माझ्या सांगण्याप्रमाणे वागली होती.

या प्रकाराला वैद्यकात नाव आहे, ते अवघड आहे आणि त्याची गरज नाही. एवढे ध्यानात ठेवा की ज्याचा कणा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत दुखावला आहे, त्याचे मूत्राशय तुंबले तर त्याला पोटात दुखत नाही. डोके ठणकते, तोंड लाल होते, घाम फुटतो आणि रक्तदाब भराभर चढतो. अशा माणसाला आडवे करू नये. ताठ बसवावे, पाय खाली सोडावे, घट्ट कपडे सैल करावे आणि पहिल्याप्रथम नळी कोठे दुमडली आहे का ते पाहावे. पिशवी गच्च भरली असेल तर रिकामी करावी. नळी सरळ करूनही धार आली नाही, तर नळी आत बुजली आहे असे समजून लगेच डॉक्टरांना बोलवावे किंवा रुग्णाला हलवावे. तेथे घरगुती उपाय करीत बसू नये. कधी मलावरोधानेही हेच होते. पण दहांतली बहुतेक प्रकरणे नळीचीच. आणि दुमडलेली नळी सरळ करायला नर्सची पदवी लागत नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या आठवड्यात मी आपल्या अध्यक्षाबाईंकडे गेले आणि म्हटले, मंडळाची मागची खोली मला दुपारची द्या. त्यांनी कशासाठी असे विचारले, मी सांगितले, आणि त्यांनी किल्ली काढून हातात दिली. असा आपला मदतनीसांचा वर्ग सुरू झाला.

वर्गाचे सांगण्यापूर्वी थोडा मागचा इतिहास सांगते, कारण मौज अशी आहे की या नळीने माणसे जगवली तशीच मारलीही. मूत्रमार्गात घालायच्या नळ्या व शलाका आपल्या सुश्रुतालाही ठाऊक होत्या. आज आपण पाहतो ती, टोकाला फुगा असलेली नळी अमेरिकेतील डॉ. फ्रेडरिक फोली यांच्या नावाने ओळखली जाते. ती १९३०च्या दशकातली. फुगा मूत्राशयात पाण्याने फुगवला की नळी निसटत नाही. सोय झाली, पण नळी आत राहिली की तिच्या वाटेने जंतूही आत जातात. पहिल्या महायुद्धात कणा मोडलेले बहुतेक सैनिक गोळीने नव्हे, तर नंतर लघवीच्या जंतुदोषाने आणि पाठीला पडलेल्या जखमांनी मेले. पूर्वी तर नळीचे दुसरे टोक खाटेखालच्या उघड्या भांड्यात सोडलेले असे, आणि चार दिवसांत जवळजवळ प्रत्येकाला जंतुदोष होई. १९६६ साली कुनिन आणि मॅककॉर्मॅक या अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिले की नळी आणि पिशवी एकमेकींना जोडलेली, कोठेही न उघडलेली अशी ठेवली, तर जंतुदोष पुष्कळ लांबवता येतो. टाळता येतो असे मी म्हटले नाही. आजही असा हिशेब सांगतात की नळी आत असलेल्या शंभर माणसांपैकी तीन ते सात जणांच्या लघवीत दररोज नव्याने जंतू शिरतात. म्हणजे महिना झाला की जवळजवळ सर्वांच्या. म्हणून नळीविषयी पहिला प्रश्न हा, की ती अजून हवी आहे का? दर भेटीला डॉक्टरांना हे विचारावे. विचारायला लाजू नये. घातलेली नळी कोणी विचारले नाही म्हणून महिनोन् महिने तशीच राहिल्याचे मी पाहिले आहे.

इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे १९४४ साली डॉ. लुडविग गुटमन यांनी कणा दुखावलेल्या सैनिकांसाठी वेगळा विभाग काढला. हिटलरच्या जर्मनीतून निसटून आलेले हे ज्यू डॉक्टर. त्यांनी नळी कायम आत न ठेवता, ठराविक वेळी निर्जंतुकपणे घालायची, मूत्राशय रिकामे करायचे आणि काढून घ्यायची, ही रीत धरली. माणसे जगू लागली. नुसती जगली नाहीत, तर १९४८ साली त्यांच्यातल्या सोळा जणांनी चाकाच्या खुर्चीत बसून धनुर्विद्येची स्पर्धा केली, आणि त्यातूनच पुढे पॅरालिंपिक उभे राहिले. आपल्या सांगली जिल्ह्यातील पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून पांगळे झाले आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पदकाची गोष्ट आपण मुलांना सांगतो, सांगावीच. पण कणा दुखावलेला माणूस तितकी वर्षे निरोगी राहतो त्यामागे रोजची, कंटाळवाणी, कोणी न पाहिलेली ही निगा असते, हे परिचारिका म्हणून माझ्या डोळ्यांपुढे आधी येते. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक सोळाव्या वर्षी पांगळ्या झाल्या आणि १९८४ साली त्यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था काढली. त्यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मचरित्र आपल्या वाचनालयात नसेल, तर मंडळाने ते जरूर घ्यावे.

आता वर्ग. पहिल्या खेपेस आठ जणी आल्या. दोन पुरुषही आले. एक वॉर्डबॉय होता आणि एक आपल्या आईचे स्वतः करणारा मुलगा. पुरुष आत कसे घ्यायचे म्हणून थोडी कुजबुज झाली, पण पांगळ्या माणसांत पुरुषच जास्त, तेव्हा मदतीला पुरुष हवेत, हे लवकरच सर्वांना पटले.

पहिला धडा हातांचा. ‘हात धुता का?’ असे विचारले तर सगळे ‘हो’ म्हणतात. म्हणून मी विचारले नाही. तेलात कालवलेली हळद प्रत्येकीच्या हाताला चोळली आणि म्हटले, नेहमी धुता तसे धुऊन या. परत आल्या तर अंगठ्याच्या मुळाशी हळद, बोटांच्या बेचक्यांत हळद, नखांत हळद, आणि बांगड्यांखाली तर हळदीचे कडेच. एकीची अंगठी काढली तर खाली पिवळीधमक. कोणी हसले, कोणी वरमले. मग साबण लावून तळवे, हाताची मागची बाजू, बेचके, अंगठे, नखे आणि मनगट या क्रमाने पुन्हा धुतले. नळीच्या कामाआधी आणि कामानंतरही असेच धुवायचे. हातमोजे घातले तरी धुवायचे. बांगड्या वर सारून रुमालाने बांधायच्या. सौभाग्याच्या बांगड्या काढा असे मी कोणाला सांगत नाही.

दुसरा धडा पिशवीचा. यासाठी युरोबॅग विकत आणली आणि तिच्यात चहाचे पाणी भरले: फिके, मध्यम आणि कडक. फिक्या चहासारखा रंग चांगला. कडक झाला की माणूस पाणी कमी पितो आहे. डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर दिवसाकाठी दोन-अडीच लिटर पाणी पोटात जावे. उन्हाळ्यात आमच्या मुलीच घाबरून पाणी कमी देतात, की पिशवी लवकर भरेल आणि काम वाढेल. हे उलटे आहे. पाणी कमी पडले की लघवी दाट होते, नळीत गाळ बसतो आणि नळी बुजते.

पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली असावी, पण जमिनीला टेकू नये. खाटेच्या कडेला हुकावर टांगावी. रुग्णाला खुर्चीत उचलून ठेवताना पिशवी कोणीतरी त्याच्या पोटावर ठेवतो. त्या क्षणी साचलेली लघवी जंतूंसकट पुन्हा आत जाते. हे मी पंचवीस वेळा सांगते आणि सव्विसाव्या वेळी कोणीतरी पोटावर ठेवतेच. पिशवी दोनतृतीयांश भरली की रिकामी करावी; गच्च भरू दिली तर तिच्या वजनाने नळी ओढली जाते. भांडे त्या माणसाचे वेगळे असावे, आणि पिशवीची तोटी भांड्याला लागू नये. नळी आणि पिशवीचा सांधा उगाच उघडू नये. नळी मांडीला पट्टीने थोडी सैल ठेवून चिकटवावी, आणि मांडी दोन-चार दिवसांनी बदलावी, म्हणजे एकाच जागी जखम होत नाही. किती वाजता किती लघवी काढली, ते वहीत लिहावे. जिला लिहिता येत नाही, तिने भांड्याच्या खुणेइतक्या रेघा ओढाव्या. मी अशा रेघांच्या वह्या पाहिल्या आहेत, त्या शिकलेल्यांच्या वह्यांपेक्षा जास्त इमानी असतात.

धुणे अगदी साधे आहे. रोज एकदा, आणि शौचानंतर, साबण आणि पाण्याने. नळी शरीराजवळ धरून ती ओढली जाणार नाही अशी, शरीराकडून बाहेरच्या दिशेने पुसावी. स्त्रियांच्या बाबतीत पुढून मागे. पुरुषांची कातडी मागे सारून धुतली तर पुन्हा पुढे आणायला विसरू नये, नाही तर सूज येऊन निराळेच संकट उभे राहते. हे मोठ्याने सांगितलेच पाहिजे, कारण पुष्कळांना कोणी सांगितलेलेच नसते. जंतुनाशक औषधे, पावडर, तेल, हळद यांपैकी काहीही तेथे लावू नये. हळद फक्त वर्गात.

आता जे करायचे नाही ते. नळी घालणे, काढणे, बदलणे, तिच्यातून पिचकारी मारणे हे मदतनिसांचे काम नव्हे. ज्यांनी शिकून डॉक्टर-नर्सच्या नजरेखाली हात बसवला आहे त्यांचेच. नळी कधीही ओढू नये. आत फुगा आहे, साधारण दहा मिली पाण्याचा; तो फुगलेला असताना नळी ओढली तर आतला मार्ग फाटतो. एका घरी रागाच्या भरात गोंधळलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी स्वतःच ओढली होती, ते रक्त मी विसरलेली नाही. नळी कापूही नये. आणि लघवीला वास आला किंवा ती गढूळ दिसली एवढ्यावरून मागच्या खेपेच्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या देऊ नयेत. नळी असलेल्यांच्या लघवीत जंतू असायचेच. ताप, हुडहुडी, कमरेत दुखणे, रक्त, अचानक भ्रमिष्टासारखे बोलणे, नळीच्या बाजूने गळणे, किंवा तीन-चार तास पिशवीत काहीच न येणे, यांपैकी काही झाले तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर. नुसत्या संशयाने गोळ्या दिल्या, तर पुढे खरी वेळ येते तेव्हा त्या लागू पडत नाहीत.

एकदा एका म्हाताऱ्या आजींच्या घरून निरोप आला की पिशवी जांभळी झाली आहे, कोणी काही केले की काय. मी गेले तर खरोखरच पिशवी जांभळासारखी जांभळी. शौचास साफ न होणाऱ्या माणसाच्या लघवीत काही विशिष्ट जंतू असले की रंग तयार होऊन पिशवीच्या प्लॅस्टिकवर असा चढतो. डॉक्टरांना दाखवायचे, पोट साफ ठेवायचे, नळी-पिशवी बदलून घ्यायची. अंगारा लागत नाही. तो त्यांनी आधीच लावला होता. त्याने अपाय झाला नाही एवढेच.

वर्गात ऐकून कोणी शिकत नाही. म्हणून आम्ही असा नियम केला की प्रत्येकीने माझ्या डोळ्यांसमोर तीन वेळा सर्व काम नीट केल्याशिवाय तिला एकटीवर सोपवायचे नाही, आणि वर्षाने पुन्हा एकदा करून दाखवायचे. एक माणूस शिकला म्हणजे दुसऱ्याचे आले असे नाही. प्रत्येकाची नळी, सवयी, दुखणे वेगळे. त्यामुळे ज्याची सेवा करायची, त्याच्या घरी, त्याच्यासमोर आणि त्याला विचारून एकदा तरी करून दाखवावे लागते.

‘त्याला विचारून’ यावर थोडे थांबते. पांगळा माणूस मूल नव्हे. आपण दार सताड उघडे ठेवतो, चादर दूर करतो आणि त्याच्या डोक्यावरून एकमेकींशी बोलतो, ‘ह्याची भरली का गं?’ एका निवृत्त मास्तरांनी मला हात जोडून सांगितले, ‘बाई, पाहुण्यांसमोर माझ्या पिशवीची चौकशी नको.’ त्यावरून आपल्या शिवणवर्गातल्या मुलींना सांगून मी उरलेल्या खणांच्या तुकड्यांचे पिशवीवर घालायचे झबले शिवून घेतले. आत पिशवी, बाहेर खण. मास्तरांनी जांभळा-हिरवा निवडला. दार लावावे, काय करणार ते आधी सांगावे, आणि तो नको म्हणाला तर पुन्हा येऊन विचारावे. पुष्कळदा त्यालाच सर्वांत जास्त कळत असते. नळी कोणत्या बाजूला बसते आणि दुपारी किती वाजता गाळ येतो, हे तोच सांगतो.

एक गोष्ट सांगताना मला बरे वाटत नाही, पण सांगते. ज्या बायका हे काम करतात, त्यांना काही घरांत चहाचा कप वेगळा असतो. शिकलेल्या, देवधर्म करणाऱ्या घरांत. लघवीला हात लावला म्हणून विटाळ. ज्या हाताने आपल्या वडिलांना रात्री-अपरात्री सांभाळले, त्या हाताला कप निराळा! दुसरे, काम शिकलेल्या बाईने चार पैसे जास्त मागितले की ‘नळीचे वेगळे पैसे कसले?’ म्हणून विचारतात. हातमोज्यांचे पैसेही तिनेच घालावेत अशी अपेक्षा. हे मंडळाने धसास लावावे असे मला वाटते. वर्गातून निघणाऱ्या प्रत्येकीबरोबर आम्ही घरमालकाला एक कागद देतो. त्यात तिला काय येते, काय ती करणार नाही, आणि मोजे-साबण कोणी पुरवायचे, हे लिहिलेले असते. दोन घरांनी तो कागद परत केला. बाकीच्यांनी दारामागे लावला.

आपण काही जगावेगळे करीत नाही. केरळात १९९३ पासून कोझिकोडला आणि पुढे मलप्पुरमच्या बाजूला शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच खाटेवरच्या माणसांची सेवा अंगावर घेतली. साध्या माणसांना शिकवले, जोडीला फिरत्या परिचारिका दिल्या, आणि २००८ साली तेथील सरकारने त्यासाठी धोरणच केले. नळी बदलायला माणूस उचलून इस्पितळात न्यायचा आणि दिवस मोडायचा, हे तेथे पुष्कळ कमी झाले. आपल्याकडे वाडी डोंगरावर, रस्ता पाखाडीचा, आणि चार माणसांच्या खांद्यावरून रुग्ण खाली आणायचा. आम्हांला तर त्याची गरज जास्त.

आता त्या मुलाचे राहिले. अमेरिकेतील डॉ. जॅक लॅपिडीस यांनी १९७२ साली दाखवले की ठराविक वेळी नळी घालून काढण्याचे काम रुग्णाला स्वतःलाही करता येते, आणि त्यासाठी इस्पितळातला निर्जंतुकपणा लागत नाही. स्वच्छ धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरते, मात्र वेळ चुकवायची नाही. मूत्राशय ताणले जाऊ न देणे हेच मुख्य. हे मला पुस्तकातून ठाऊक होते, पण ‘गावात कसे जमेल’ म्हणून मी त्याला कधी सांगितले नव्हते. ही माझी दुसरी चूक. डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली, आणि तो शिकला. पहिले चार दिवस घाबरला, हात थरथरले. पाचव्या दिवशी म्हणाला, ‘आत्या, तुम्ही बाहेर बसा.’ आज तो दिवसातून पाच वेळा घड्याळ लावून स्वतःच करतो. कायमची नळी गेली. घरच्या पडवीत तो काजू आणि कोकमाचे दुकान चालवतो, आणि चाकाच्या खुर्चीवरून उधारी लिहितो. ती मदतनीस बाई आता दुसऱ्या एका घरी आहे, तिच्याच हाताखाली दोघी शिकल्या. नळी दुमडली की डोके का दुखते, हे वर्गात मी सांगत नाही. तो येतो आणि स्वतः सांगतो. तेव्हा खोलीत कोणी हालत नाही.

पुढचा वर्ग याच महिन्यात सुरू होत आहे. दर गुरुवारी दुपारी तीन ते पाच, मंडळाच्या मागच्या खोलीत. फी नाही. ज्यांच्या घरी मदतीला बाई आहे, त्यांनी तिला दोन तास मोकळे करून पाठवावे आणि त्या दिवसाचे पैसे कापू नयेत. घरच्या सुनांनी, मुलांनी यायलाही हरकत नाही. गेल्या खेपेस एक सत्तरीच्या काकू आल्या होत्या, त्यांची हळद सर्वांत आधी निघाली. येताना एक जुना टॉवेल आणि साबणाची वडी आणावी. हळद मंडळाची.